तुम्ही विचारलंत म्हणून: भटके म्हणजे कोण?

"गुरुजी, भटकी जमात म्हणजे ज्यांना घर नसतं ती ना?" जातीच्या दाखल्याचे कागद गोळा करताना हा प्रश्न हटकून येतो. आटपाडी तालुक्यातल्या शाळांत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो.

आमच्याकडच्या मेंढपाळ धनगरांची गावात घरं आहेत. सरकारी यादीत ते भटक्या जमाती (क) मध्ये येतात. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कोंबड्या आणि लेकरं घेऊन ते कृष्णाकाठाकडं उतरतात. कुणाच्या रानात किती रात्री मेंढरं बसवायची, बदल्यात किती धान्य, हे बहुतेक ठरलेलं असतं. लेंडीखतासाठी शेतकरीही त्यांची वाट बघत असतो. मुक्कामाला ते 'वाडा' म्हणतात. साताऱ्या-सांगलीत वाडा म्हटलं की चिरेबंदी भिंती डोळ्यांपुढं येतात, आणि इथं जाळीचं रिंगण अन् वर आभाळ. तरी शब्द तोच, मला तो फार आवडतो. गोंधळ्यांनी, वासुदेवांनीसुद्धा गावं वाटून घेतलेली असत.

मग 'भटकणं' कुठं आलं? "कुठं भटकत होतास?" असं आई रागानं विचारते. मोकाट कुत्र्यालाही आपण भटकंच म्हणतो. वाट ठरलेल्या माणसाला हा शब्द लावणं मला पटत नाही.

'विमुक्त' वेगळे. रामोशी, कैकाडी, वडार अशा चौदा जमाती आपल्या राज्याच्या त्या यादीत आहेत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. तो कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. त्यातून सुटले ते विमुक्त. पोलिसांची नजर मात्र सुटली नाही.

सुरुवातीला मीही वाड्यावर गेलेल्या पोरांपुढं 'सतत गैरहजर' असा शेरा मारला आहे. एका दिवाळीआधी चौथीतल्या पोरीला विचारलं, "आता कुठं जाणार गं?" तिनं पाटीवर रेघ ओढली आणि एकेक मुक्काम सांगत गेली. विहीर कुठं आहे, कुठल्या मालकीणबाई ताक देतात, कुठल्या गावात शाळा वाटेवरच आहे. मी हजेरीपट मिटला आणि त्या शाळांची नावं लिहून घेतली.