नळ्यांनाही रंग नव्हता

जत तालुक्याच्या पूर्व भागातून आलेल्या आक्कांची फाईल अजून माझ्या टेबलावरच आहे. औषधाच्या ट्रायलच्या, म्हणजे चाचणीच्या, वहीत त्यांची नोंद एका ओळीची आहे: स्क्रीन फेल्युअर, म्हणजे आधीच्या तपासणीतच बाद. त्या ओळीनं माझं समाधान होत नाही.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती. स्तन ठेवला होता, रेडिएशन दिलं होतं. तेव्हाचा रिपोर्ट ईआर ९० टक्के, पीआर ६० टक्के, हर-टू १+. ईआर, पीआर म्हणजे गाठीच्या पेशींमधले हार्मोनचे रिसेप्टर; हर-टू हे पेशी वाढवणारं प्रथिन, १+ म्हणजे निगेटिव्हच. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी घेतली. आता त्याच स्तनात पुन्हा गाठ आणि सीटीत फुफ्फुसात तीन ठिपके, मोठा १४ मिलिमीटरचा. बायोप्सी बाहेरच्या एका ठिकाणी झाली. रिपोर्ट आला: ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू शून्य. म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह.

आमच्या मिरजेच्या सेंटरवर तेव्हा परत आलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरची एक ट्रायल चालू होती आणि चार महिन्यांत एकही पेशंट मिळाला नव्हता. आक्का सगळ्या अटींत बसत होत्या. रक्त, इको ठीक. गाठ मोजण्याजोगी, कारण १० मिलिमीटरच्या वर आणि सीटीचे काप ५ मिलिमीटरपेक्षा जाड नव्हते. स्क्रीनिंगची मुदत २८ दिवस. ट्रायलवर देखरेख करणाऱ्या मॉनिटरचा रोज फोन.

आजार परतताना रिसेप्टर बदलतात, ही गोष्ट खरी आहे. दर पाच-सहा पेशंटमागे एकीचा ईआर पहिल्यापेक्षा वेगळा येतो. म्हणूनच तर पुन्हा बायोप्सी करायची. त्यामुळे ९० वरून शून्य वाचून कुणी दचकलं नाही. तिन्ही शून्य मात्र मला खटकले. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि त्याच्या स्लाइड मागवल्या आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे नेल्या.

मॅडमनी आधी गाठ पाहिलीच नाही. त्या शेजारच्या निरोगी दुग्धनलिका शोधत होत्या. या तपासणीत ईआर असेल तिथं तपकिरी रंग येतो, नसेल तिथं निळा; निरोगी नळीच्या काही पेशींची केंद्रकं तपकिरी व्हायलाच हवीत. तोच त्या तुकड्यातला साक्षीदार. स्लाइडच्या कडेला लावलेला कंट्रोलचा, म्हणजे ईआर आहे हे आधीच माहीत असलेला, तुकडा छान तपकिरी होता, म्हणजे रसायनात दोष नव्हता. पण आक्कांच्या तुकड्यातल्या नळ्या सगळ्या निळ्या. एकही ठिपका नाही. साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर केंद्रकांच्या कडा विरघळल्यासारख्या. मॅडम म्हणाल्या, "हा निगेटिव्ह रिपोर्ट नाही, हा न वाचता येणारा रिपोर्ट आहे." मूळ रिपोर्टमध्ये नळ्यांचा उल्लेखच नव्हता. ईआर शून्य लिहिताना तो लिहायचाच असतो.

मी फोन करत करत मागे गेले. बायोप्सी शनिवारी दुपारी झाली. तुकडा टिकवणारं फॉर्मालिन संपलं होतं, म्हणून तुकडे सलाईनमध्ये ठेवले. सोमवारी कुणीतरी फॉर्मालिन ओतलं आणि बाटली एसटीच्या पार्सलनं लॅबला गेली. बाटलीवर फक्त नाव, वेळ नाही.

सलाईन पेशी टिकवत नाही. तुकडा आतल्या आत कुजायला लागतो आणि ईआरचं प्रथिन लवकर जातं. तुकडा तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, तुकड्याच्या दहापट तरी द्रव हवा आणि त्यात तो ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. फॉर्मालिन म्हणजे बाजारातल्या कॅनमध्ये नळाचं पाणी ओतणं नव्हे. १०० मिलिलिटर कॅनमधलं फॉर्मालिन, ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. हे क्षार नसले की द्रव आंबट होत जातो आणि रंग दगा देतो. एका लिटरचा खर्च काहीच नाही. हे न करणाऱ्यांना मी निष्काळजी म्हणते, दुसरा शब्द नाही.

मॉनिटरचं म्हणणं, प्रोटोकॉलला, म्हणजे ट्रायलच्या नियमांना, स्थानिक रिपोर्ट चालतो, ट्रायलची परदेशातली सेंट्रल लॅब पडताळणी करेलच. पण सेंट्रल लॅब तपासणार कुठला ब्लॉक? हाच. खराब तुकडा परदेशात पाठवला म्हणून सुधारत नाही; तीच चूक दुसऱ्या लेटरहेडवर आली असती.

परत आलेल्या कॅन्सरच्या ट्रायलना पेशंट मिळत नाहीत, हे मलाही कळतं. कॅलोर ट्रायलमध्ये त्याच बाजूला परतलेली गाठ पूर्ण काढल्यावर केमो द्यावी का, हे पाहायचं होतं. ठरल्या होत्या ९७७ बायका, २०१० पर्यंत मिळाल्या १६२. तरीही २०१४ मध्ये त्यातून उत्तर निघालं: ईआर निगेटिव्ह बायकांत पाच वर्षं आजाराविना राहण्याचं प्रमाण केमोनं ६७ टक्के, केमोविना ३५. ईआर पॉझिटिव्ह बायकांत तसा फायदा दिसला नाही. एवढ्या थोड्या बायकांत दहा जणींचा ईआर चुकीचा लिहिला गेला असता तर?

आक्कांना पुन्हा बायोप्सीबद्दल सांगायला बसलो. घरात त्या कानडी बोलतात, मराठी कळतं पण फॉर्मचं मराठी नाही. आमच्या एका सिस्टरनी कानडीतून एकेक वाक्य सांगितलं. आक्कांनी मला मराठीतच विचारलं, "आणि एकदा सुई का ओ, ताई? पहिल्या सुईत काय कमी पडलं?" मी म्हटलं, "तुमच्यात काही कमी नाही आक्का, तुकडा नीट ठेवला नाही." त्या बराच वेळ सोबतच्या भाच्याकडे बघत राहिल्या, मग अंगठा पुढे केला. ही संमती हॉस्पिटलची होती, ट्रायलची नव्हती. हा फरक भाच्याला दोनदा सांगितला.

मंगळवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी १४ गेजच्या सुईनं चार तुकडे घेतले. १० वाजून २२ मिनिटांनी ते फॉर्मालिनमध्ये पडले. दोन्ही वेळा मी स्वतः बाटलीवर लिहिल्या. वीस तासांनी प्रोसेसिंग. शुक्रवारी मॅडमनी बोलावून दाखवलं: नळ्या तपकिरी आणि गाठही तपकिरी. ईआर ८० टक्के, पीआर २०, हर-टू १+.

आक्का ट्रायलमधून बाद. त्यांना लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी २.५ मिलिग्रॅम रोज आणि पेशींची वाढ रोखणारं पाल्बोसिक्लिब १२५ मिलिग्रॅम, २१ दिवस घ्यायचं, ७ दिवस थांबायचं, अशी एक सायकल. २०२३ च्या जानेवारीत पाल्बोसिक्लिबचं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, म्हणून हे त्यांच्या घराला झेपतंय. पहिल्या दोन सायकलमध्ये पंधराव्या दिवशी रक्त तपासायचं असतं. पहिल्या खेपेला न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ११०० आले. हजाराच्या वर आहेत, गोळ्या चालू ठेवल्या.

बाहेरून आलेला तो रिपोर्ट धरला असता तर त्यांना केमो आणि ट्रायलचं औषध मिळालं असतं, हार्मोनची गोळी कुणी दिलीच नसती. गेल्या तीन वर्षांतले बाहेरून आलेले निगेटिव्ह रिपोर्ट मी आता एकेक काढतेय. कित्येकांत नळ्यांबद्दल एक अक्षर नाही. ज्यांचे ब्लॉक अजून लॅबमध्ये आहेत, त्यांची यादी मॅडमकडे दिली आहे. काही घरच्यांनी ब्लॉक परत नेलेत. त्यांना फोन लावतेय.