बंद संग्रहालयातलं गलबत खानदेशात दाखवताना

सागरी संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद असलं की वर्धापनदिन ऑनलाइन होतो आणि कॅमेरा दालनामागून दालनं पळत सुटतो. अर्ध्या तासात शंभर वस्तू, लक्षात एकही नाही. आमचं ठाम मत आहे: एकच मॉडेल घ्या आणि ते दोरीच्या गाठीपर्यंत दाखवा. आमची पसंती गलबताला. 70 टनांपर्यंतचं हे लहान लढाऊ जहाज, 40-50 वल्ह्यांचं. वारा पडला की गुराब या मोठ्या लढाऊ जहाजांना दोर लावून ओढत न्यायचं काम गलबतांचंच. तापीकाठच्या सारंगखेडा, प्रकाशा या गावांतल्या पोरांनी तापीतली नाव पाहिलेली असते, त्यांना वल्हं समजावावं लागत नाही. परबाण मात्र दाखवावंच लागतं. शीड जिच्यावर बांधतात ती डोलकाठीवरची तिरकी काठी.

दालनं बंद असताना मॉडेल बाहेर पाठवता येतं, तेव्हा चित्रीकरण जळगाव-धुळ्याला करायचा मोह होतो. करा, पण मे महिन्यात नको. किनाऱ्यावरच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेलं लाकूड इथल्या कोरड्या दुपारी ओलावा सोडतं, आकसतं आणि फळ्यांचे सांधे उघडे पडतात. पेटी आली की 24 तास न उघडता चित्रीकरणाच्याच खोलीत ठेवा. उकडतंय म्हणून मॉडेलसमोर कूलर लावणं ही सगळ्यात मोठी चूक. ओली हवा लागली की सुती दोऱ्या फुगतात, लांबीला कमी होतात आणि ताण बसून डोलकाठी वाकते किंवा मोडते. कूलर शेजारच्या खोलीतही नको. साधा पंखा चालेल, वारा मात्र माणसांकडे.

फोटोंसाठी उत्तरेची खिडकी आणि तिच्यावर पांढऱ्या धोतराचं एकेरी कापड. ट्यूबलाइट बंदच ठेवा. दोन प्रकारचा उजेड मिसळला की सागवान एका बाजूने हिरवट दिसतं. फोटो सॉफ्टवेअरने जोडून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर दर 10 अंशांवर एक, म्हणजे एका फेरीत 36 फोटो, अशा तीन उंचींवरून तीन फेऱ्या. एकूण 108. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. दोऱ्या या पद्धतीत हमखास गळतात, कारण सॉफ्टवेअरला त्या मागच्या भिंतीपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यांचे वेगळे फोटो मागे काळं कापड धरून काढा. चकचकीत पितळी तोफांचंही तेच. फिरणाऱ्या चकाकीला सॉफ्टवेअर आकार समजतं. काचेची पेटी उघडता येत नसेल तर लेन्स काचेला टेकवा.

प्रत्येक फेरीत 10 सेंटिमीटरची पट्टी चौकटीत हवी. मॉडेल 1:48 असेल, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, तर ती पट्टी म्हणजे खऱ्या जहाजाचे 4.8 मीटर, आणि साडेतीन सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा माणूस शेजारी उभा केला की आकार लगेच कळतो.

थेट प्रक्षेपणाच्या फंदात पडू नका. आधी रेकॉर्ड करून ठरल्या वेळी सोडा. वीज गेली तरी कार्यक्रम होतो. सहा मिनिटांचा व्हिडिओ 2.5 एमबीपीएसने (सेकंदाला इतके मेगाबिट) साधारण 112 एमबी होतो, 0.7 ने 32. खेड्यातल्या फोनसाठी ही लहान प्रतही द्या.

निवेदन अहिराणीतही करा आणि सुरुवात सुरतेपासून. तापी समुद्राला मिळते तिथेच जवळ ते बंदर. बऱ्हाणपूरचं कापड नंदुरबारवरून बैलगाड्यांनी तिथं जाऊन जहाजावर चढायचं.