अमावास्येच्या मध्यरात्री कुलाब्याला चालत जाता येत नाही

कोकणात घडणारी रहस्यकथा वाचायला घेताना शेजारी पंचांग ठेवावं. खाडी-किनाऱ्यावर कोण कधी कुठे पोहोचू शकतो हे भरती ठरवते, आणि लेखकाचं गणित बरेचदा तिथेच फसतं.

अलिबागचा कुलाबा किल्ला बघा. पूर्ण ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. रहस्यकथेसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही! पण खुनाला अमावास्येची मध्यरात्र निवडली की घोळ होतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अमावास्या १५, पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. बारा वाजता किल्ल्यात चालत गेलेला संशयित खोटा. वाट मोकळी होणार पहाटे साडेपाचच्या आसपास, कारण भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी.

पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजायचं. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मालवणकडे गेलं की भरती मुंबई-अलिबागपेक्षा लवकर येते. त्यामुळे पंधरा मिनिटांच्या फरकावर लेखकाला पकडू नये.

मध्यरात्रीच हवी असेल तर अष्टमी घ्यावी. पाऊणपट सहा, म्हणजे सव्वाबाराला ओहोटी. मात्र अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते; पाणी उधाणाइतकं खाली जात नाही. माणूस कोरड्या पायांनी गेला असेलच असं नाही; ओल्या चपला आणि वाळल्यावर कापडावर उरलेलं मीठ हा खरा पुरावा. शिवाय शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा तेव्हा उगवतो. 'रात्री दहाला चांदण्यात ओळखलं' ही साक्ष वद्य अष्टमीला टिकत नाही.

खुनाचं कारण जमीन असेल (कोकणात ते पटतंच), तर सातबाऱ्यावरची तारीख पाहावी. खुनानंतर आठवड्यात पुतण्याचं नाव लागलं, हे चुकीचं. वारस फेरफाराला हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. आणि कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर फौजदाराच्या तोंडी ३०२ नको. त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं.