मृत्युपत्र रजिस्टर होतं, तरी दरखास्त आलीच

बाबांच्या पश्चात काही महिन्यांनी कोर्टाचा बेलिफ दरखास्तीची, म्हणजे निकालाप्रमाणे वसुली करून मिळावी या अर्जाची, नोटीस घेऊन आला. 'मयत ऋणको' म्हणून बाबांचं नाव, आणि खाली वारस म्हणून आई, ताई, मी. बाबा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थकवले, बँकेने दावा लावला, हुकूमनामाही (पैसे भरा असा कोर्टाचा निकाल) झाला. सगळं बाबा हयात असताना. घरात कुणाला पत्ता नव्हता.

भावजी म्हणाले, "मृत्युपत्र रजिस्टर आहे. घर तुझं, ठेव हिची. बँकेचा संबंध येतोच कुठे?" वकिलांनी ते पहिल्याच भेटीत खोडून काढलं. मयताचं देणं आधी, मृत्युपत्रातली वाटणी नंतर. भारतीय वारसा कायद्याचं कलम 325 तेच सांगतं. आणि पैशाचा हुकूमनामा 12 वर्षांपर्यंत बजावता येतो, तेव्हा वेळ मारून नेण्यातही अर्थ नव्हता.

मला खरी धास्ती होती ती माझ्या पगाराची. त्यावर जप्ती आली तर? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 50 वाचून जीव भांड्यात पडला: वारसाची जबाबदारी मयताची जेवढी मिळकत हाती आली तेवढ्यापुरतीच. मेख मात्र त्याच कलमात आहे. हाती आलेलं कुठे गेलं याचा हिशेब कोर्ट वारसाकडून मागू शकतं, आणि ज्याची रीतसर विल्हेवाट लावलेली नाही तेवढ्यापुरती जबाबदारी त्याच्यावर राहते.

म्हणून एक वही घातली. बाबांच्या पैशाचं खातं वेगळं, माझं वेगळं. तारीख, रक्कम, कुठून आली, कुठे गेली, शेजारी पावती चिकटवलेली. दवाखान्याचं शेवटचं बिल आणि अंत्यविधीचा खर्च पहिल्या पानावर, कारण कायद्याने तो इतर देण्यांच्याही आधी येतो. आयुर्विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे कलम 60 प्रमाणे जप्तीबाहेर; त्यांना आईच्या नावाने निराळं पान. ठेवीवर नॉमिनी ताई होती, पण नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. ती रक्कम हिशेबात धरावीच लागली. यावरून घरात बरंच वाजलं.

शेवटी बँकेशी तडजोड झाली. व्याजात सूट मिळाली, रक्कम ठेवीतून भरली. घर मला मिळालं, म्हणून ताईच्या वाट्याला जे कमी आलं त्यातला घराच्या हिश्शाचा भाग मी तिला दरमहा देतोय. तसा रीतसर कागद केलाय. आग्रह भावजींचाच, आणि बरं झालं तो धरला.

बँकेतल्या साहेबांनी पावती हातात देऊन "संपलं" म्हटलं. वकील म्हणाले, "पुरसिस, म्हणजे बँकेचं कोर्टातलं लेखी निवेदन, दाखल होऊ द्या, मग म्हणा." कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची कोर्टात नोंद झाली नाही, तर दरखास्तीपुरते ते दिलेच नाहीत असं धरलं जातं. बँकेची पूर्ण वसुलीची पुरसिस दाखल झाली, दरखास्त निकाली निघाली, त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढली. घरावर माझं नाव लावायचा अर्ज मी त्यानंतरच दिला.