घरचा पोकर, महिना सहावा: बँकेची वही

फोंड्याला आमच्या माडीवरच्या खोलीत ऑक्टोबरपासून एक शनिवार सोडून एक शनिवार डाव बसतो. टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार, सहा-सात जण, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम) ५-१० रुपये, बाय-इन (बसताना चिप्स घ्यायची रक्कम) १,००० म्हणजे शंभर बिग ब्लाइंड, त्या दोनातली मोठी रक्कम. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, अॅपवरचा पोकर थांबला आणि दोन चांगले खेळाडू आमच्याकडे आले. कॅसिनोचा प्रश्नच नाही. मांडवीतल्या बोटी तासाभराच्या आत गाठता येतात, पण २०२० पासून गोंयकाराला तिथे खेळायला मनाई आहे.

चिप्सची वाटणी आता पक्की झाली: पांढऱ्या ५ च्या २०, लाल २५ च्या १६, हिरव्या १०० च्या ५. बरोबर हजार. ५०० चिप्सच्या डब्यात सात जणांचं आरामात भागतं. काळ्या चिप्स मी ५०० च्या ठरवून री-बायसाठी, म्हणजे चिप्स संपल्यावर पुन्हा घेणाऱ्यांसाठी, बाजूला ठेवल्या आहेत. या वेळी लिहायचं आहे ते बँकेबद्दल, म्हणजे चिप्स देऊन सगळ्यांचे पैसे सांभाळण्याबद्दल, कारण डिसेंबरातल्या एका रात्रीने मला बरंच शिकवलं.

त्या रात्री आम्ही सहा जण होतो. सहा बाय-इन, चार री-बाय, वहीत १०,००० आणि पत्र्याच्या डब्यातही १०,०००. साडेअकराला दोघे उठले, एकाने २,३५० नेले, दुसऱ्याने १,९००. डब्यात उरले ५,७५०. पुढे एकेक जण चिप्स मोजून पैसे घेत गेला. सगळ्यात शेवटी आमचा मास्तर मित्र. त्याच्या चिप्स १,४५० च्या आणि डब्यात ९५०. कोणीतरी विचारलं, "पयशे खंय गेले रे?" आणि खोली एकदम गप्प झाली. वीस वर्षांचे मित्र, पण त्या पाच मिनिटांत प्रत्येकाची नजर डब्यावरून माझ्याकडे येत होती. डबा माझा, बँक माझी, आणि त्या रात्री जिंकलोही मीच होतो.

मी खिशातून ५०० भरले. सकाळी उलगडा झाला. दहाच्या सुमाराला करंट गेला होता, मोबाईलच्या उजेडात मी एकाला पाच हिरव्या चिप्स दिल्या, तो म्हणाला, "यूपीआय करतो." रेंज नव्हती, माझ्या हातात दोन राण्या होत्या, दोघेही विसरलो. त्यालाच आठवलं आणि त्याने आपणहून फोन केला.

यातली खरी गोम अशी की चिप्स जास्त आणि पैसे कमी असले तर पहिल्या उठणाऱ्याला काहीच कळत नाही. तो पुरे पैसे घेऊन घरी जातो आणि तूट शेवटच्याच्या वाट्याला येते. जो सगळ्यात जास्त वेळ बसला, ज्याने डाव जिवंत ठेवला, त्यालाच फटका. म्हणून आता कोणीही उठायचं म्हटलं की हात, म्हणजे पत्त्यांची एकेक खेळी, थांबवून सगळ्यांच्या चिप्स मोजतो आणि डब्याशी ताळा घेतो. चार मिनिटं जातात. सुरुवातीला कुरकुर झाली, आता होत नाही.

तूट आली तर ती बँक सांभाळणाऱ्याची, यावर मी ठाम आहे. चिप्स त्याच्याच हातून गेल्या ना! उलट चिप्स हरवून डब्यात पैसे जास्त राहिले तर ते त्याच्या खिशात जात नाहीत, पुढच्या वेळच्या खाण्याच्या खर्चाच्या डब्यात जातात. आणि डब्यात पैसे पडल्याशिवाय चिप्स द्यायच्या नाहीत; चालू हातात तर नाहीच नाही.

जानेवारीत रोकड बंद करून पाहिली. शेवटी हिशेब मांडायचा आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना परस्पर यूपीआय करायचं. कागदावर सुरेख दिसतं, सात जणांत जास्तीत जास्त सहा व्यवहार होतात. पण एकाचे पैसे आठ दिवस आले नाहीत आणि जिंकलेल्याला मित्राकडे तगादा लावायची पाळी आली. तो म्हणाला, "यापेक्षा न जिंकलेलं बरं." पुन्हा रोकड. त्यासाठी आदल्या दिवशी बँकेतून शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा आणून ठेवतो, कारण एटीएममधून बहुतेक पाचशेच्याच निघतात.

नाल घ्यायची का, हे नव्या दोघांनी विचारलं होतं. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे एका हातात मध्ये जमलेल्या रकमेतून, दहा रुपये, यजमानाच्या कष्टाचे म्हणून. नाही. गोव्याच्या १९७६च्या सार्वजनिक जुगार कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्याच जागा चालवणाऱ्याच्या नफ्यावर उभी आहे. पण कायदा नसता तरी मी घेतली नसती. नाल सुरू झाली की डाव लांबावा असं यजमानाला वाटू लागतं, आणि हरणाऱ्याला "आता पुरे" म्हणणारं कोणी उरत नाही.

खाण्यापिण्याचे माणशी १५० वेगळ्या डब्यात, पत्ते पिसण्याआधीच. भाजी-पाव, भजी खानावळीतून येतात. आमच्या हौसेपायी आईने रात्री तळणी लावायची, हे मला पटत नाही. बिअर ज्याची त्याची.

री-बाय दोनच. कोणाचंही एका रात्रीत ३,००० च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, पण फेब्रुवारीत मीच ढिला पडलो. एक मित्र तिसरा री-बाय मागत होता, मी दिला. खाली सोडायला गेलो तेव्हा गाडीची किल्ली हातात घेऊन तो बराच वेळ नुसता उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चहा घेतला, पैशांचा विषय काढला नाही, फक्त सांगितलं की मी नियम मोडला, यापुढे मोडणार नाही. तो पुढच्या डावाला आला, दोन तास खेळला, शंभर रुपये जिंकून उठला.

गेल्या चार रात्री ताळा रुपयाला रुपया जुळला. वही टेबलावर उघडी असते, प्रत्येक री-बायपुढे घेणाऱ्याची सही. पॉट बरोबरीच्या जणांत वाटताना उरणारी एक चिप डीलर बटणाच्या (वाटप कोणाचं हे दाखवणारी चकती) डावीकडच्या पहिल्या वाटेकऱ्याला, हेही त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय, म्हणजे मध्यरात्री पाच रुपयांवरून वाद नको.

येत्या शनिवारी बँक मावसभावाकडे. तो त्या रात्री खेळणार नाही, पुढच्या वेळी दुसरा कोणी. डब्याची किल्ली काल त्याला देऊन आलो.