नक्की काय ते एकदा सांगून टाका ना!

मागचे तीन महिने माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार की नाही हे मला कोणीच धड सांगत नव्हतं. विचारलं की "वरून अजून काही आलेलं नाही", बस्स. आणि मी रात्री तीनला उठून अंधारात मेल रिफ्रेश करत बसायचे, जसं काही एचआरवाले रात्री तीनला मेल टाकणारेत! नवरा एकदा झोपेतच म्हणाला, "काढून तरी टाका म्हणावं एकदाचं." तेव्हा राग आला, पण खरं सांगू, माझ्याही मनात तेच होतं.

नंतर कळलं की हे माझंच खूळ नाहीये. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना एक कॉम्प्युटर गेम खेळायला दिला. स्क्रीनवर दगड, त्याखाली साप आहे का ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला खराखुरा शॉक, चांगला दुखणारा. गंमत म्हणजे लोकांना सगळ्यात जास्त टेन्शन शॉक नक्की बसणार असताना नाही आलं, बसेल की नाही हे फिफ्टी-फिफ्टी असताना आलं. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं मोजलं होतं त्यांनी. म्हणजे वाईट बातमी परवडली पण हे टांगून ठेवणं नको. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही.

मग "पॉझिटिव्ह विचार कर" सांगणारे भेटतात. मला त्या वाक्याची ॲलर्जी आहे. पोटात गोळा आलेला असताना पॉझिटिव्ह विचार कुठून आणायचा, उधार?

मला जे उपयोगी पडलं ते फारच साधं निघालं. एक म्हणजे काळजीला वेळ ठरवून देणं. बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ च्या सुमारास हे मांडलं होतं, रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास बसून फक्त काळजी करायची, आणि दिवसभरात डोक्यात आलं की त्याला सांगायचं, थांब, तुझा नंबर संध्याकाळी. मी साडेसहाला जिन्यातल्या पायरीवर वही घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी दोन पानं भरली. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र अर्ध्या पानावरच अडकले, कारण तेच तेच परत लिहायचा मलाच कंटाळा आला, आणि दिवसभर राक्षस वाटणारी गोष्ट वहीत दीड ओळीची दिसायला लागली. अर्धा तास पुरा करताना चक्क जांभया यायच्या. रोज जमलं असं नाही हां, दोन रविवार तर दिवसभर काळजीच केली.

दुसरं म्हणजे सकाळी उठल्या उठल्या फोन न बघणं. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तसंही वर चढतं, ते नॉर्मल असतं, पण त्यात मी वरून मेलची फोडणी घालत होते. आणि श्वास. यावर माझा अजिबात विश्वास नव्हता, पण श्वास सोडताना हृदयाचे ठोके खरंच थोडे मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. चार आकडे घेताना, सहा-सात सोडताना. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून केलं तरी कोणाला कळत नाही.

पण खरा आधार बहिणीचा. हवाईच्या काउई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास पुढची कित्येक वर्षं चालला होता. त्यातली जी मुलं फार बिकट परिस्थितीत वाढली त्यातलीही साधारण एक तृतीयांश छान उभी राहिली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक तरी माणूस. आईवडीलच हवेत असंही नाही. माझी बहीण सल्ला देत नाही. मी बोलते, ती "हं" म्हणते, मध्येच भांडी घासल्याचा आवाज येतो, आणि शेवटी विचारते, "जेवलीस का?" मला तेवढं पुरतं.

कॉन्ट्रॅक्ट झालं रिन्यू. सहा महिन्यांचंच! म्हणजे तेवढ्यात परत हाच खेळ. काल साडेसहाला पायरीवर बसले तेव्हा वहीत दोनच ओळी आल्या, एक नोकरीची आणि दुसरी, बाथरूमचा गळका नळ कधी दुरुस्त करायचा.