हाँगकाँगचे कँटोनीज: नमस्कार राहू द्या, आधी वजने शिका

सहलीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत कँटोनीजचे, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेचे, एक पान होते आणि ते ‘नेइ हौ’ या नमस्कारावरच बरेचसे खर्ची पडले होते; वजनांविषयी त्यात अक्षरही नव्हते. हाँगकाँगच्या शॉंग वान भागातील सुक्या मालाच्या बाजारात मात्र माझी गाठ पडली ती ‘कन’ आणि ‘लेंग’ यांच्याशी. कन म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम आणि त्याचा सोळावा भाग म्हणजे लेंग, जेमतेम ३८ ग्रॅम. फलकावर जिनसेंग या औषधी मुळीचा भाव ठळक आकड्यात होता आणि एकक कोपऱ्यात बारीक चिनी अक्षरात. दुकानदाराने मुळ्यांच्या चकत्या करून झाल्यावर हिशेब लेंगने मांडला, म्हणजे रक्कम थेट सोळापट झाली. याला मी लूटच म्हणेन. किमतीबाबत अशी दिशाभूल करणे तेथे २०१३पासून गुन्हा आहे आणि तक्रार कस्टम्स खात्याकडे करता येते, परंतु संध्याकाळचे विमान असलेला पर्यटक ती करणार केव्हा? म्हणून ‘यत कन केइ तो छिन?’ (एका कनला किती पैसे?) हे वाक्य पाठ करा आणि एकूण रक्कम कॅल्क्युलेटरवर दाखवल्याशिवाय मालाला सुरी लावू देऊ नका.

रोमन लिपीतील उच्चारांवर विसंबू नका: तेथील ‘जी’ हा आपला क आणि ‘डी’ हा त असतो. शब्दाचा अर्थ बदलणारे सहा सूर देवनागरीत उतरत नाहीत, ते कानानेच घ्यावे लागतात.

‘म् कॉय’ सर्वाधिक उपयोगी. वेटरला हाक मारताना, वाट मागताना आणि सेवेबद्दल आभार मानताना हेच चालते. भेटवस्तू मिळाली तर मात्र ‘तो चे’ म्हणावे. बिलासाठी ‘माय तान’.

लांताव बेट आणि व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जाणारी ट्राम छान आहेत, त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. लाल मिनीबसची माहिती अधिक गरजेची आहे: अनेक गाड्यांत थांबण्याची घंटा नसते, त्यामुळे उतरण्याआधी ‘याउ लोक, म् कॉय!’ (उतरायचे आहे!) असे चालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडावे लागते. पुटपुटलात तर पुढच्या चौकातून सामान ओढत मागे या. सगळ्याच लाल गाड्यांत ऑक्टोपस हे तेथील प्रीपेड कार्ड चालेल असे नाही, तेव्हा सुटे डॉलर खिशात हवेतच.